बांधावरचा भोंगा

यंदा आभाळ वेळेआधीच बिथरलं. दिवसभर ऊन करपवायचं, पण दुपार कलली की समुद्राच्या बाजूने ढगांची काळपट कड वर यायची, मिठागरावर नजर टाकल्यासारखी जरा थांबायची आणि विरून जायची. वाफ्यांत मीठ धरलं होतं, पांढरंशुभ्र, पायाखाली कुरकुरणारं. एक जोराची सर आली असती तर सगळा हंगाम विरघळून आल्या वाटेने समुद्रात परत गेला असता. त्यामुळे मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, मालकाचं पळालं म्हणून मुकादमाचंही पळालं, आणि मुकादमाने तो सगळा घोर आणून फळी ओढणाऱ्यांच्या डोक्यावर ओतला होता.

मीठ ओढायचं काम एकट्यादुकट्याचं नाही. लांब दांड्याला आडवी फळी, फळीच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. वाफ्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, फळ्या एका वेळी टाकतात आणि मागे सरत एका वेळी ओढतात. ओलं मीठ भिंतीसारखं सरकत येतं. एकाची फळी मागे राहिली की त्या खिंडारातून सगळा गाळा, म्हणजे ओढत आणलेलं मीठ, सुटतो आणि परत पाण्यात पसरतो. म्हणून रांगेला एक गळा लागतो. तो गळा आत्याचा होता.

आत्या नात्याने फक्त एका घराची, पण हाकेने सगळ्या रांगेची. तिच्याहून वयाने थोर माणसंही तिला आत्याच म्हणत. लग्न होऊन गेली होती, नवरा गेल्यावर परत आली आणि तेव्हापासून थोरल्या भावाच्या घरी राहत होती. तिचं गाणं तिच्या आईचं, आईचं आजीचं. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे आणि देवाचं नाव घेतलेल्या तोंडाने कुणाला वेडंवाकडं बोलत नसे. बोलायचं ते गाण्यात घालायची.

*ओढ गड्या, ओढ बाई, पाण्यामधून चांदणं,*
*ओढणाऱ्याच्या घरी मात्र अंधाराचं नांदणं.*

हे झालं रोजचं. त्यावर ती दर हंगामाला नवी कडवी चढवायची. एका साली पिण्याच्या पाण्याचं पिंप गंजलं होतं, पाणी तोंडात धरवत नव्हतं. मुकादमाकडे सांगून झालं, कचेरीत सांगून झालं. मग आत्याने कडवं घातलं:

*कुत्रं प्यायलं गोड पाणी कचेरीच्या दारात,*
*आमच्या पिंपाला गंज चढला, पाणी तेही खारट.*

सगळी रांग ते कडवं घोळवून घोळवून म्हणायची, आणि मालक पाहुण्यांना घेऊन बांधावर आला की आणखी मोठ्याने. आठवडा सरायच्या आत नवं पिंप आलं. मुकादमाच्या छत्रीवरही एक कडवं होतं. ते ऐकून मुकादम स्वतःच हसायचा, कारण तोही कधी काळी याच रांगेत आत्याच्या आईच्या गळ्यावर फळी ओढायला शिकला होता.

पण या गाण्यातली खरी गोष्ट कडव्यात नव्हती, कडव्यानंतर होती. कडवं संपलं की आत्या थांबायची. फळ्या जिथल्या तिथे टेकायच्या, माणसं दांड्यावर हनुवटी ठेवून उभी राहायची. याला विसावा म्हणत. विसावा किती लांब, हे गाणारीच्या छातीवर. मुकादमाला त्यात बोलता येत नसे, कारण गाणारीचा दम भरला नसेल तर ती गाणार कशी? आत्याचा दम तिला कधीच कमी पडला नव्हता. पण रांगेत कुणी पोटुशी असली, कुणी तापातून उठलेला असला, की आत्याचा विसावा आपोआप लांबायचा. ती खाली पाहून छातीवर हात ठेवायची, जणू तीच थकली आहे. सगळ्यांना कळायचं, कुणी बोलायचं नाही.

गेले दोन हंगाम तो विसावा जास्त करून तिच्या भावासाठी होता.

दादाची छाती बिघडली होती. चार फळ्या ओढल्या की आत भाता चालल्यासारखा आवाज यायचा. टाचांना भेगा, त्यांत मीठ. घरी बसवायचं म्हटलं तर घरच गेलं असतं. मिठागराच्या कडेला मालकाने बांधलेल्या खोल्यांची रांग होती आणि खोली मिळायची ती घरातल्या पुरुषाच्या फळीवर. बायकांच्या फळ्या त्यात धरत नसत. आत्या आणि वहिनी दोघींनी दोन बाजूंनी मिठाचा डोंगर उचलला असता तरी कचेरीच्या लेखी त्या घरात फळी एकच, दादाची. ती खाली ठेवली की खोलीला दुसरं कुलूप.

वहिनी जिभेची तिखट. ती म्हणायची, "वन्सं, तुमच्या गळ्यावर माझा संसार उभा आहे. जरा खोकलात तरी माझ्या पोटात गोळा येतो." मग स्वतःच गरम पाणी करून आणून द्यायची आणि ते प्यायलं नाही तर पुन्हा बोलायची.

थंडीच्या दिवसांत गाणी गोळा करणारा एक पाहुणा येऊन गेला होता. भला माणूस. कचेरीच्या ओसरीवर आत्याला बसवून त्याने यंत्रात गाणं भरून घेतलं, कडवं न् कडवं, विसाव्यासकट. तिचा आवाज तिलाच ऐकवला तेव्हा आत्या लाजली होती. जाताना त्याने एक प्रत मालकाला दिली, कारण तो मालकाकडे उतरला होता.

त्या प्रतीचं काय झालं ते आता कळलं. एके दिवशी रांग बांधावर पोचली तर खांबावर भोंगा लावलेला. मुकादमाने हात वर केला आणि भोंग्यातून आत्या गायला लागली.

आधी सगळ्यांना गंमतच वाटली. रांगेच्या टोकाला एक बडबड्या होता, त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो म्हणाला, आता खरा रेडिओ आला, माझी नोकरी गेली. वहिनीची तर मान ताठ झाली. शेजारणीला कोपराने ढोसून ती म्हणाली की ऐक, आमच्या वन्सं आहेत त्या. आत्यालाही क्षणभर बरं वाटलं. गळ्याला आराम. तिने भावाकडे पाहिलं, तो हसत होता.

फळ्या पडल्या. पहिली ओळ झाली आणि दुसरी ओळ आलीच नाही. *ओढ गड्या, ओढ बाई, पाण्यामधून चांदणं,* आणि लगेच पुन्हा *ओढ गड्या.* अंधाराचं नांदणं कापून टाकलं होतं. कुत्रं नव्हतं, पिंप नव्हतं, छत्री नव्हती. आणि विसावाही नव्हता. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिच्या टाचेवर पाय ठेवून येत होती. शिवाय सगळं जरासं घाईत होतं. गळा आत्याचाच, पण कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखा.

हात मात्र ओढतच राहिले. लहानपणापासून ज्या सुरावर खांदे हलले तो सूर कानावर आला की खांदे विचारायला थांबत नाहीत. आणि थांबायचं कुठे? एकजण थांबला तर खिंडार. दुपारपर्यंत रांगेतलं बोलणं बंद झालं. रेडिओसुद्धा गप्प झाला. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे न उघडताच आडवी झाली. दादा बांधाला टेकून बसला होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि बोलायचं म्हटलं तर शब्दाशब्दाला हवा लागत होती.

आत्या मुकादमाकडे गेली. तो छत्रीखाली बसून ढीग मोजल्यासारखं करत होता. भोंगा बंद करा, मी गाते, असं तिने सांगितलं. मुकादमाने नजर दुसरीकडे वळवली.

"तुझंच तर गाणं आहे, आत्या," तो म्हणाला. "तुझ्याच गाण्याची तक्रार कुणाकडे करू?"

ती परत येऊन रांगेत उभी राहिली. भोंगा सुरू झाल्यावर तिने स्वतःच्या गळ्याने गाऊन पाहिलं, मध्ये थांबूनही पाहिलं. पण ती थांबली तरी वरची आत्या थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती कचेरीत गेली. पायांना मिठाचा चिखल होता. तो दारात पुसायला फडकं नव्हतं, म्हणून ती आधी उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मालकाने आतून बोलावलं, तेव्हा लादीवर तिची पावलं उमटली. मालक मऊ बोलायचा. त्याने तिला बसायलाही सांगितलं, पण खुर्चीवर कापड होतं, ती उभीच राहिली.

"बाई, तुमचा आवाज आता कधी थकायचा नाही," तो म्हणाला. "आमच्या पुतण्याने किती मेहनतीने सलग केला आहे. मध्ये मध्ये रिकामं होतं, ते काढून टाकलं."

"ते रिकामं नव्हतं, मालक," आत्या म्हणाली. "तेवढ्यात माणसं श्वास घेतात."

मालक हसला. पाऊस तोंडावर आहे, तेवढा हंगाम उरकू द्या, मग हवी तेवढी गाणी म्हणा, असं त्याने समजावलं. दादाच्या छातीचं तिने सांगितलं तर म्हणाला की झेपत नसेल तर त्यांनी फळी ठेवावी, आमची जबरदस्ती नाही. फळी ठेवली तर खोलीचं काय, हे तिने विचारलं नाही. ते दोघांनाही माहीत होतं.

ती निघाली तशी शिपायाने तिच्या हातात ओलं फडकं दिलं आणि लादीकडे बोट दाखवलं. आत्याने वाकून आपली पावलं पुसली, दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत. पुतण्या कोपऱ्यातल्या यंत्रापाशी बसला होता. त्याने पाय वर घेतले, तिला पुसता यावं म्हणून.

ज्याने छाती घडवली त्याने श्वास आत घ्यायची आणि बाहेर सोडायची अशा दोन्ही सोयी केल्या. त्यातली एक कापून टाकायचा हक्क कचेरीतल्या कुणाला कुणी दिला होता? आत्या वाटेने चालताना हेच विचारत होती, आणि ज्याला विचारत होती तो आजवर तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. पण त्या दुपारी तोही गप्प होता.

संध्याकाळी वहिनी दादाच्या टाचांना तेल चोळत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "वन्सं, रागावू नका. आज रांगेत तुमचा आवाज ऐकून मला तुमचाच राग आला." आत्या रागावली नाही. तिलाही स्वतःच्या आवाजाचा तोच राग आला होता. दादा म्हणाला, उद्या मी कडेला उभा राहतो, कडेला ओढ कमी लागते. दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला कडेला उभं करायला हवं होतं. केलं नाही. कडेला पाणी खोल, तिथे तरणा माणूस हवा, म्हणाला.

म्हणून दादा मध्येच होता, वहिनीच्या शेजारी. डाव्या हाताला आत्या.

ढगांची कड त्या दिवशी सकाळीच वर आली होती. भोंगा आणखी घाईत होता. घामाने आणि पांढऱ्या झळाळीने डोळे उघडवत नव्हते. माणसं डोळे मिटूनच ओढत होती, सुराच्या भरवशावर. दादाचा भाता आत्याला ऐकू येत होता, मग ऐकू येईनासा झाला. तो गुडघ्यावर आला आणि फळीवरून पुढे कोसळला. त्याचा एक पाय वहिनीच्या बाजूला पसरला. *ओढ बाई,* भोंगा म्हणाला. वहिनीने ओढली. ओल्या मिठाचा सगळा भार घेऊन पत्र्याची पट्टी दादाच्या नडगीवर आली. *पाण्यामधून चांदणं, ओढ गड्या.* तिने डोळे उघडून काय अडलं ते पाहीपर्यंत हातांनी आणखी एकदा ओढलं होतं.

मीठ लाल झालं. दादा ओरडला नाही, ओरडायला त्याच्यापाशी हवा नव्हती. वहिनीने फळी टाकली आणि ती तोंडावर हात घेऊन उभीच राहिली. आत्या आणि रेडिओ, दोघांनी दादाला उचलून बांधावर आणलं. आत्याने डोक्याचं फडकं सोडून पाय आवळून बांधला. फडक्यातही मीठ होतं. दादा तिचं मनगट धरून नुसता वर बघत राहिला.

मुकादम धावत आला. तोही हादरला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा कचेरीकडे पाहिलं आणि म्हणाला, एकीने याच्यापाशी बसा, बाकीचे रांग जोडून घ्या, खिंडार पडलंय. आणि रांग जोडली गेली. रेडिओ खाली मान घालून आपल्या जागी गेला. कुणी कठोर नव्हतं. भोंगा थांबला नव्हता, एवढंच. तो थांबल्याशिवाय थांबायचं कसं, हे त्यांच्यातल्या कुणालाच कधी शिकवलं गेलं नव्हतं.

आत्या उभी राहिली. वर खांबावर तीच गात होती, गोड, न दमता, भावाच्या रक्तावरून. जन्मात तिचा ठेका कधी चुकला नव्हता. आईने ठेका चुकला म्हणून पाठीत दिलेला धपाटा तिला शेवटचा कधी बसला तेही आठवत नव्हतं. तिने छाती भरून घेतली आणि गायला लागली. तेच गाणं, तीच ओळ, पण अर्धा ठेका उशिरा.

फार वाईट लागलं ते कानाला. वर *ओढ* यायचं तेव्हा खाली *गड्या* यायचं. एकच आवाज दोन ठिकाणांहून एकमेकाला धक्के मारत होता. रांगेतल्या दोन फळ्या एकमेकीवर आपटल्या. कुणी वरच्या आत्याचं ऐकलं, कुणी खालच्या. मिठाच्या भिंतीला एक खिंडार पडलं, मग दुसरं. मुकादम ओरडला, आत्या, ठेका चुकतोय. ती थांबली नाही. उलट आणखी चुकवला, कधी लवकर, कधी उशिरा, मध्येच एखादा शब्द गिळून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भावासाठी वाहत होतं आणि गाण्यासाठीही, कारण आजीपासून जपून आणलेली वस्तू ती स्वतःच्या हाताने दगडावर आपटत होती.

आधी समजलं ते रेडिओला. त्याने तोंड उघडलं आणि तिसऱ्याच ठेक्यावर, फाटक्या गळ्याने, ओढ गड्या सुरू केलं. मग त्याच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी, ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसं. असा कालवा त्या वाफ्याने कधी ऐकला नव्हता. त्यात भोंगा बुडून गेला. सकाळपासून ओढलेला गाळा सुटला आणि सावकाश परत पाण्यात पसरला, दादाच्या रक्ताचा तेवढा भाग गुलाबी. फळ्या एकेक करून खाली गेल्या. मुकादमाने स्वतःच जाऊन तार उपटली.

ढगांची कड त्या दिवशीही विरून गेली. मालकाने तो दिवस कचेरीतच काढला.

अंधार पडायच्या आत मुकादम खोलीवर आला. दारातच उभा राहिला. दादाला तालुक्याच्या दवाखान्यातून आणून निजवलं होतं. हाड वाचलं होतं, पण पाय कधी पहिल्यासारखा होईल असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मुकादमाने आधी तब्येत विचारली. मग म्हणाला की भोंगा उतरवतो, मालकाने कबूल केलं आहे, सकाळी आत्याने रांगेला गळा द्यावा, नाहीतर मीठ हातचं जातं. खोलीचं विचारल्यावर तो घुटमळला. पावसापर्यंत राहा, म्हणाला. पुढचं मालक बघतील. पुरुषाची फळी नाही म्हटल्यावर आपल्यालाही काही बोलता येत नाही.

"माझी फळी फळी नाही का?" वहिनीने विचारलं. मुकादम तिच्याकडे न बघता उतरून गेला.

सकाळी खांब रिकामा होता. रांग उभी राहिली, फळ्या पडल्या आणि सगळे आत्याच्या तोंडाकडे बघू लागले. आत्याने तोंड उघडलं. ओढ गड्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. तिला तो सूर आता आपला वाटेना. तो निघाला की त्यात लोखंडाचा आवाज येईल, भाऊ कोसळताना दिसेल. तिने पुन्हा प्रयत्न केला. नाही आला. रांग वाट बघत होती. मुकादम छत्री मिटून उभा होता. पलीकडे कचेरीच्या खिडकीत मालक येऊन थांबला होता.

दादाच्या जागेवर वहिनी सरकून उभी होती, तिची स्वतःची जागा रेडिओने घेतली होती. ती आयुष्यात कधी गायली नव्हती, तिचा गळा म्हणजे कोरडा रहाट. आत्ताही ती गायली नाही. कालपासून आत साचलेलं, समोर मिठाकडे बघत, नुसतं बोलली.

"पाय माझ्या माणसाचा गेला आणि मीठ ह्यांच्या घरी."

आत्याने तिच्याकडे वळून पाहिलं. मग पायाचा अंगठा चिखलात रोवला, एकदा, दोनदा, तिथे ठेका आहे का ते बघितलं. होता. जुन्याहून सावकाश, जड, दुखऱ्या पायाने चालणाऱ्या माणसासारखा. तिने ते शब्द उचलले.

*पाय माझ्या माणसाचा, मीठ तुझ्या घराचं,*

रांगेने फळ्या ओढल्या. मीठ सरकलं. पुढची ओळ अजून झालेली नव्हती. आत्या थांबली, रांगही थांबली. आत्याने खिडकीकडे तोंड केलं आणि पुरता दम भरून घेतला.

*चाखून बघ रे मालका, रक्त त्यात कुणाचं.*

ही ओळ मात्र सगळ्यांनी उचलली, पहिल्याच वेळी, जशी काही जन्मापासून पाठ होती. फळ्या एकदम मागे आल्या. खिडकी आतून कुणीतरी लावून घेतली. वहिनीने कपाळावरचं मीठ मनगटाने पुसलं आणि कोरड्या रहाटासारख्या आवाजात म्हणाली, वन्सं, पुन्हा म्हणा, आणि जरा मोठ्याने. लाकूड पातळ असतं खिडकीचं.